काकीची बारी

बँकेचं नाव काढलं तरी माह्या डोक्यात तिडीक जाते. खोटं काहून बोलू?

आमच्या बचत गटात अकरा बाया. एकोडीकडल्या आमच्या गावची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आम्ही ठेक्यानं घेतो, त्यात मासोळ्या वाढवतो आणि साकोलीच्या बाजारात विकतो. गटाची अध्यक्ष दर वर्षी नवी. जिची बारी तिनं बसायचं. म्हणजे कोणी कोणाच्या डोक्यावर बसत नाही आणि बँकेचं काम सगळ्याइले समजते.

मागल्या साली बारी माह्या चुलत सासूची होती. मी तिले काकी म्हणते. जन्मभर अंगठा लावला तिनं. पण मासोळीच्या पिल्लाइसाठी जो चेक फाडायचा, त्याच्यावर आपली सही पाहिजे, हे तिच्या मनानं घेतलं. उन्हाळाभर माह्याजवळ बसून ती सही शिकली. जाळं विणताना झरझर चालणारा हात पेन धरला का अडायचा, मग स्वतःलेच शिव्या द्यायची.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघी नवी सही द्यायले साकोलीले गेलो. काउंटरवरच्या बाबूनं कॉम्प्युटरात पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं खातं बंद झालंय. केवायसी नाही. मेसेज पाठवला होता."

मेसेज कोणाले, तर तीन वर्षांआधीच्या अध्यक्षाले. तिचा तो नंबर कधीचाच बंद. मी म्हटलं, साहेब, आम्ही दर वर्षी नव्या बाईचे कागद आणून देतो, तुम्हीच शिक्का मारता. "सिस्टीममध्ये नाही," म्हणाला. सिस्टीम काय याची सासू लागते, का तिच्यापुढं याचं तोंडच उघडत नाही?

सहा चकरा झाल्या. कधी साहेब सुटीवर, कधी प्रिंटर बंद, कधी आणलेला कागद जुना. एकदा मी चिडून बँकेच्या फुकटच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी दोन दाबलं तर हिंदीत बाई बोलली, आपल्या शाखेत जाऊन विचारा. अवं, शाखेतच उभी राहून बोलून राहिली होती मी.

तिकडं बोडी भरत आली. पिल्लं वेळेवर सोडली नाही तर मासोळी वाढत नाही, आणि पिल्लंवाला चेकशिवाय गाडी पाठवत नव्हता. सहाव्या चकरेले मोठा साहेब भेटला. म्हणाला, "तुमच्या अध्यक्षा दर वर्षी बदलतात, हे संशयास्पद दिसतं. एक शिकलेली बाई कायम ठेवा. तसा ठराव द्या, दोन दिवसांत खातं सुरू करतो."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकं बँका बुडवून पळते त्याइचा याइले संशय येत नाही, आमच्या बारीचा येते. चोर सोडून संन्याशाले फाशी. मी म्हटलं, असा नियम कुठं लिहिला आहे, दाखवा. तो म्हणाला, "मॅडम, मी मदतच करतोय."

मी भांडलीच असती. काकीनं माहा हात धरला. "लिहून दे वं. बोडी रिकामी राहिली तं सगळ्या घराइनं काय खावं?"

बाकावर बसून मी ठराव लिहिला. काकीच्या जागी मी, कायमची. खाली बारी सोडणाऱ्या बाईची सही लागते म्हणाले. काकीनं केली. एकेक अक्षर करत, ओळ न सोडता. बँकेतली तिची पहिली सही तीच. साहेबानं तिच्यावरच अर्धा शिक्का ठोकला.

खातं सुरू झालं. मासोळ्याही चांगल्या वाढल्या. पण मी तिथं लढायले पाहिजे होतं, लढली नाही, याचा मले अजून राग येते.

यंदा बारीचा विषय काढला तर बाया म्हणाल्या, तूच राहा, बँकेचं लचांड तुलेच जमते. मी हजेरीचं रजिस्टर फिरवलं. काकीपाशी आलं तर तिनं शाईचं पॅड मागितलं.

"काकी, सही कर ना," मी म्हटलं.

"कायले?" ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.