पाचातल्या तीन चिप

सकाळचे साडेसहा. शहराबाहेरचं गोल्फचं मैदान. होलपासून पंधरा पावलांवर चेंडू आणि चेंडूवर वाकलेला मी. तीस वर्षं बातमीदारी केली, पुढाऱ्यांशी भांडलो. पण तेव्हा जमले नाहीत एवढे किस्से या पंधरा पावलांनी दोन वर्षांत दिले. सगळे माझ्या पराभवाचे!

एवढ्या जवळून चेंडू जरासा उचलून होलकडे सरपटत सोडायचा, त्याला चिप म्हणतात. आमची काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी रफिकभाई, माझ्याच वयाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, "साहेब, पाचातले तीन होलच्या काठीभर जवळ थांबले की चिप आली समजा. एखादा तर कुणाचाबी थांबतो."

माझा तोही थांबेना. एकदा चेंडू होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, म्हणजे अख्खं ग्रीन, ओलांडून बाभळीत शिरला. रफिकभाई म्हणाले, "लई जोर! साहेब, हा अग्रलेख नाय, चार ओळींची बातमी हाय!"

मनगट हलतं म्हणून पट्टी बांधली. आमच्याबरोबर खेळणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, "पट्टी जबड्याला बांधा. मारताना शिव्या देता, त्यानं मान उडते." आठवडाभर तोंड मिटून मारलं. पाचातला एक थांबला. तोही डॉक्टरांच्या बुटाला अडून!

एकदा सलग दोन थांबले. तिसऱ्याच्या वेळी क्लबचे सेक्रेटरी शिंदे कानाशी म्हणाले, "घाबरू नका हं." झालं! नुसती धूळ उडाली.

उन्हाळ्यात ग्रीन फरशीसारखं टणक झालं. चेंडू टेकला की सुटलाच. मी चिडून शिंद्यांना लेखी तक्रार दिली. शिंदे हसले, "आता आमचीच बातमी लावणार व्हय?"

गेल्या सोमवारी पहिला चेंडू थांबला. दुसरा गेला. तिसरा थांबला, चौथाही थांबला. पाचातले तीन! डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. शिंदे म्हणाले, "तुमच्या तक्रारीची दखल घेतली. दोन दिवस ग्रीनवर भरपूर पाणी सोडलंय."

तेवढ्यात रफिकभाई आले. कधी नाही ते उशिरा. मुकुंदवाडीत त्यांच्या घरचा नळ कोरडा, म्हणून पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभे होते.

मी ओरडलो, "रफिकभाई, तीन!"

त्यांनी चेंडूंकडे पाहिलंच नाही. वाकून गवतावर तळवा टेकवला. ओला तळवा पँटला पुसला.

"हे पाणी कुठून आलं, साहेब?"

शिंदे शेजारीच उभे होते. प्रश्न मला होता.