सतरा किलोंचा अजगर

काट्यावरचं पोतं हललं तसा मार्केटातला मापाडी दचकला. "डॉक्टर, कापूस काऊन हालून राह्यला?"

"कापूस नाही, अजगर आहे," मी म्हणालो. तो थेट दाराबाहेर. मग वजन मीच वाचलं. सतरा किलो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आर्वीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. रोहण्याच्या एका शेतात नांगराचा फाळ लागून हा अजगर जखमी झाला होता. जखम मीच शिवली होती. पुढे वनखात्याच्या पिंजऱ्यात तो बरा झाला, पण जरा जास्तच. आला तेव्हा साडेअकरा किलो होता. निरोगी अजगर अंगानं गोल आणि घट्ट असतो. ह्यानं वेटोळं घातलं की वळ्या पडत आणि खवल्यांमधली कातडी दिसे.

रेंजर साहेब वैतागले. "असा लठ्ठ जंगलात काय शिकार करणार? होळीपर्यंत सुधारला तर सोडू. नाहीतर जन्मभर नागपूरला पिंजऱ्यात."

फॉरेस्ट गार्ड गणपतरावांचा चेहरा उतरला. अजगराचं सगळं तेच बघत.

"खायला काय देता?" मी विचारलं.

"रोज एक घूस. बाजाराच्या दिवशी कोंबडी."

"रोज? अहो, त्याला तीन आठवड्यांतून एकदा पुरतं!"

"पण डॉक्टरसाहेब, म्या डबा उघडला का तो टक लावून पाह्यते. मले घास उतरत नाई."

"त्याला पापण्याच नसतात. झोपेतही तो तसाच पाहतो."

त्यांना पटलं नाही. मी पिंजऱ्याला गोणपाटाचा पडदा लावायला सांगितला आणि कॅलेंडरवर दर तीन आठवड्यांनी एक खूण केली. थंडी पडली तसं अजगरानं खाणंच सोडलं. थंडीत ते असंच चालतं, हे सांगून मी थकलो. गणपतराव दर सोमवारी दवाखान्यात हजर. "पाप लागंन आपल्याले." अजगराआधी तेच वाळायला लागले. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

एका सोमवारी ते मान खाली घालून बसले. "चुकलं माह्यं. काल म्या आत कोंबडी सोडली."

"खाल्ली?"

"नाई जी. सकाळी पाह्यतो तं कोंबडी त्याच्याच अंगावर बसून. तो हाललाबी नाई." मग म्हणाले, "त्याले खरंच भूक नोती."

त्यानंतर सोमवारचे फेरे थांबले.

होळीच्या सुमारास ऊन तापलं, भूक परतली. आत सोडलेली घूस त्यानं एका झडपेत धरली. वजन चौदा, वळ्या गायब. रेंजर साहेबांनी सोडण्याच्या कागदावर सही केली.

जंगलात पोत्याचं तोंड सोडलं, तसा तो सरसर झुडपात शिरला.

"जाय बापा," गणपतराव म्हणाले, "आता तुयं तू शोधून खाय." आणि त्यांनी सगळ्यांदेखत डोळे पुसले.

पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे लठ्ठ कुत्री पुष्कळ आली. "हा काही खातच नाही हो," असं म्हणणारे मालकही बरोबर. उपाशी जनावराला औषध देता येतं. मायेनं फुगलेल्याचा इलाज मात्र मालकापासून सुरू करावा लागतो.