सैल राहिलेला स्क्रू

"यशवंत आप्पा गेले." शाळेच्या ग्रुपवर एवढाच निरोप आला, तेव्हा मी वर्गात होते. मुलींना धडा वाचायला सांगून खिडकीशी जाऊन उभी राहिले... त्याला आता महिना झाला.

आप्पा आमच्या नवापूरच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर. मूळचे तापीकाठचे, बोलणं अस्सल अहिराणी. नोकरीआधी ते पोल्ट्रीतल्या पंख्यांच्या मोटरी दुरुस्त करायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी रोबो स्पर्धेसाठी चार मुलींचा संघ केला, तेव्हा मोटरींवर चाकं बसवायचं काम मी निर्धास्तपणे त्यांच्यावर सोपवलं. त्यांची मुलगी पूजाही संघात होती. मोटरच्या शाफ्टची सपाट बाजू बोटानं चाचपत ते मुलींना सांगायचे, "स्क्रू आठेच बसाडा. गोल बाजूवर बसाडा ते शाफ्ट फिरी, चाक नही."

स्पर्धेच्या सकाळी, नंदुरबारला, डावं चाक चौकटीला घासताना मला दिसलं. मी स्क्रू सैल केला, चाक जरासं बाहेर ओढलं, तेवढ्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. बोलून परतले, तर आमचं नाव पुकारलं गेलं होतं. दुसऱ्याच वळणावर चाक निघालं आणि घरंगळत परीक्षकांच्या टेबलाखाली गेलं. सगळ्यांदेखत मी विचारलं, "आप्पा, स्क्रू आवळला होता ना?"

मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

आप्पांनी रोबो उलटा करून शाफ्ट नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "चूक मन्हीच शे, मॅडम."

परतीच्या गाडीत पूजा त्यांच्या शेजारी बसली नाही. पुढच्या वर्षी संस्थेनं बाहेरून प्रशिक्षक आणला, आप्पांना फाटकावर बसवलं. माझ्या एका वाक्यानं ते थांबलं असतं. आज सांगू, उद्या सांगू... दोन वर्षं गेली.

दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेले आणि पूजाला सगळं सांगितलं. ती रडेल, चिडेल, असं वाटलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम. आप्पांनी त्याच आठवड्यात सांगितलं. मी भांडायला निघाले होते, तर म्हणाले, 'थांब. मॅडम स्वतः सांगतीन. वाट देख.'"

फाटकावर रोज सकाळी मला पाहून आप्पा खुर्चीतून उठायचे, क्षणभर तसेच थांबायचे. मी मान हलवून पुढे जायची. मला वाटायचं, ते नमस्कारासाठी उठतात...