मामांचं नाक आणि मागाची ओल

तुमच्या घरी आलेला पाहुणा चहाआधी भिंतीचा वास घेऊ लागला, तर तुम्ही त्याला बसायला सांगाल की डॉक्टरकडे न्याल? माझ्या मित्राचे मामा हे असले पाहुणे. अख्ख्या सोलापुरात त्यांनी न हुंगलेली भिंत नसेल. लोक घरात शिरून माणसं बघतात, मामा कोपरे बघत. कॅलेंडर उचलून मागे नाक घालत, कपाट सरकवत आणि काळे ठिपके दिसले की डोळे मिटून सांगत, "बुरशी. दोन पावसाळ्यांची." भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हा मुलाचं शिक्षण विचारायचं राहिलं, न्हाणीमागची भिंत मात्र तपासून झाली. "पोरगा बरा हाय, पर भिंत लई वाईट," म्हणत परत आले.

मामा आमच्याच चाळीत, माडीवर एकटे राहत. खाली एका विणकराचं बिऱ्हाड होतं. माग, चूल, अंथरुणं सगळं एका खोलीत. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून विणकर जमिनीवर पाणी शिंपडत आणि खिडकी बंद ठेवत. भिंत काळी पडली की वरून चुना फासत. त्यांची सात वर्षांची लेक त्याच भिंतीला लागून झोपे. पहाटे तिला धाप लागे.

मामांनी नखाने चुना खरवडला. "अण्णा, खिडकी उघडा की."

"उघडतो. तुटलेलं सूत तुमी जोडत बसा."

"चुन्याखाली बुरशी जित्ती हाय. पोरीच्या छातीत जातीया."

"मग माग बाहेर टाकू? आन खाऊ काय, तुमचं नाक?"

मी तापलो. चाळीच्या मालकाने विणकराला निजायला वेगळी खोली द्यावी, असं पत्रक छापून सात रस्ता चौकात वाटलं. मालकाने एक मागून घेतलं, भाषा जोरदार आहे म्हणाला, खोली दिली नाही.

मामांनी काहीच लिहिलं नाही. त्यांनी आपली उन्हाची खोली झाडून मायलेकींना निजायला दिली आणि वळकटी घेऊन खाली मागाशेजारी आले. "मागाला ओल पायजे, पोरीला नको. मी पडतो हितं, वास घेत."

आता पोरगी एका दमात जिना चढते. खालून मात्र मामांचा खोकला ऐकू येतो. विचारलं तर "तंबाखूचा हाय," म्हणतात. मामांनी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही.

येत्या रविवारी सकाळी आम्ही चाळकरी मालकाच्या दारात कोरडी खोली मागायला जाणार आहोत, मामांना न विचारता. तुम्हीही या.