जत्रेचं पहिलं पिंप

वाइडेनब्रुनचा माणूस जन्मतो कुनिगुंडे रीस्नरबाईंनी झगडून वाचवलेल्या प्रसूतिगृहात, पोहायला शिकतो त्यांनी बांधून दिलेल्या तलावात, आणि पितो मात्र शेजारच्या शहरातली बिअर. ती स्वस्त पडते.

पणजोबांचा बिअरचा कारखाना बाई सकाळी चालवत आणि दुपारी नगरसभेत गाव चालवत. लग्न राहून गेलं, बैठका होत्या. एका सभासदानं गावालाच आपलं सिमेंट विकलं, तेव्हा बाईंनी नियम करून घेतला : सभासदानं गावाला माल विकायचा नाही. जत्रेची बिअर तरीही रीस्नरांचीच राहिली. तिला कोणी माल समजत नसे.

पुढे एक वर्ष असं आलं की कारखाना तेवढ्या जत्रेवरच तगून होता, आणि नेमका त्याच वर्षी एका नव्या सभासदानं तो नियम वाचला.

"कुनी, राजीनामा टाक की! मिटलं," नगराध्यक्ष हुम्मर म्हणाले. दोघं एका वर्गातले.

"राजीनाम्यानंतरही वर्षभर विकता येत नाही."

"हे कलम कुठल्या गाढवानं घातलं?"

"मी."

सभागृह हसलं. हुम्मर खाकरले. "मग यंदापुरती डोळेझाक करू या."

"रीस्नरबाईंनीच आम्हांला नियम शिकवले," नवा सभासद आदरानं म्हणाला.

बाईंना वाटलं, आपण नियमाच्या बाजूनं हात वर करावा. बाकीचे काही तो वर करणार नाहीत. आपली अब्रू राहील आणि कारखानाही. त्यांनी हात वर केला. त्यांच्या मागोमाग सगळे हात वर गेले, हुम्मरांचासुद्धा. इतक्या वर्षांची सवय.

जत्रेत पहिल्या पिंपाला तोटी ठोकायचा मान रीस्नर घराण्याचा. पिंप कोणाचं असावं, याबद्दल रिवाज काही सांगत नाही; यंदाचं शेजारच्या शहरातलं होतं. बाईंनी लाकडी हातोडा उचलला आणि एकाच घावात तोटी बसवली. थेंब सांडला नाही. टाळ्या झाल्या.

"वा, कुनी!" हुम्मरांनी मिशांवरचा फेस पुसला. "आणि खरं सांगू का? फरक कळतसुद्धा नाही."

"कारखान्याच्या जागेचं काय करणार आहेस?" त्यांनी पुढं विचारलं. "गावाला गाड्या लावायला जागा नाही गं."

बाईंनी पेला संपवला. अर्धा टाकणं त्या गावात असभ्य मानतात.

"बैठकीत मांडा," त्या म्हणाल्या. "मी हात वर करीन."