रामटेकेबाईंची बॅटरी

‘चालेल’ हा शब्द रामटेकेबाईंसमोर उच्चारायची सोय नव्हती. आमच्या सरकारी कचेरीत चहा पाणचट आला आणि कुणी ‘चालेल हो’ म्हणालं, की बाई आपला कप तसाच परत पाठवायच्या. “काहून चालेल? पैसे चांगल्या चहाचे देऊन राहिलो ना?” उभी नोकरी पुण्यात काढूनही त्यांनी नागपूरचं ‘काहून’ सोडलं नव्हतं. आम्ही पेठेतली माणसं बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हेत, पण बाईंपुढे आमची डाळ शिजत नसे.

एकदाच त्यांनी कारण सांगितलं. “बौद्धांची पोर म्हणून वर्गात मागची जागा, कुणाचं तरी फाटकं पुस्तक. सगळं ‘हिला चालेल’ म्हणून. नोकरी लागली त्या दिवशी ठरवलं, आता बस झालं.”

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी व्हॅन घेऊन आत पलंग आणि शेगडी बसवून घेतली. स्वतः गाडी चालवत देश बघायचा, हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. नेमका तेव्हाच आजार निघाला. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून रोज रात्री नाकावर मुखवटा चढवून श्वासाचं मशीन लावायचं.

“आता घराबाहेर मुक्काम नको,” डॉक्टर म्हणाले.

“मशीनला वीज लागते, विजेला बॅटरी लागते. एवढंच ना?” बाई म्हणाल्या.

बुधवार पेठेत बॅटरी घ्यायला बाईंबरोबर मी होतो आणि खराडीला आयटी कंपनीत असलेला त्यांचा मुलगा अमित. दुकानदाराने दोन बॅटऱ्या दाखवल्या. दोन्ही रात्रभर हळूहळू वीज देणाऱ्या. पण एक स्वस्तातली, वर्षभरात मान टाकणारी, आणि दुसरी चांगलीच महाग, पाच वर्षं टिकणारी.

“आजींना काय, स्वस्तातली चालेल,” तो म्हणाला. मी डोळेच मिटले.

अमितने त्यात भर घातली. “खरंच आई, अशी किती वर्षं फिरणार आहेस तू?” बिचारा काळजीनेच बोलला होता.

“ते तू ठरवून राहिला का?” बाईंचा आवाज चढला नाही. “अर्ध्या रात्री ही बसली तर श्वास माझा अडकेल. महागवाली काढा हो.”

“पाच वर्षांची गॅरंटी आहे, बघा.”

“बॅटरीची तुम्ही द्या. माझी मी पाहून घेते.”

पहिला मुक्काम भंडारदऱ्याला होता. अमित आणि मी दुसऱ्या गाडीतून गुपचूप मागे गेलो आणि लांब थांबलो. उजाडल्यावर बाई ताज्यातवान्या चेहऱ्याने आल्या आणि आमच्या काचेवर टकटक केली. “श्वास मोजून राहिले होते का माझा? चहा प्या आणि आपापल्या घरी जा.” अमित हसता हसता रडला. पुढे हंपी, कच्छ, स्पिती. बाई एकट्याच.

एखाद्या घाटात बॅटरी बसेल आणि बाई आपल्याला पुन्हा दिसणार नाहीत, ही धास्ती आम्ही त्या असेपर्यंत बाळगली. त्या गेल्या पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात, न्यूमोनियाने, जिथे वीज क्षणभरही जात नाही. मला दुःखाआधी संताप आला. घरासमोर व्हॅन उभी होती, बॅटरी पूर्ण भरलेली. बाई सोमवारी काश्मीरला निघणार होत्या.