बांधावरची हाळी

पनवेलपासून समुद्रापर्यंत जेवढे म्हणून पक्षी उतरतात, त्या सगळ्यांचे पालकत्व आपल्याकडे आहे अशी माझ्या बायकोच्या मामांची समजूत आहे, आणि पक्ष्यांनीही ती कधी खोडून काढलेली नाही.

मामा जासईच्या बाजूचे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर मटणाच्या रश्श्याआधी त्यांनी मला चिखलात उभे केले. समोर, खाडीपासून आत, नजर पोचेल तिथवर पाणी. एके काळची भातखाचरे ती. भात पिकवणे सुटले, बांधातल्या उघाडीचे, म्हणजे पाण्याच्या मोरीचे, दार मोडले, भरतीचे पाणी त्यातून येऊ-जाऊ लागले आणि पक्ष्यांनी मुक्काम ठोकला. मामा एकेकाची ओळख करून देत होते. शेकाट्या म्हणजे, "टांगा एवड्या लांब, तरी पानी गुडग्यावर आलं का पलतो." पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला की, "हा आमच्या थोरल्यासारका. काम घडीभर, नि सुकवनं दिसभर." रोहित पक्ष्यांविषयी मात्र ते आवाज खाली आणून बोलत, एखाद्या घरंदाज बाईंविषयी बोलावे तसे.

त्यांच्या मुलीची हळद ठरली ऐन जानेवारीत, थव्यांच्या हंगामात. त्या गावांत लग्न एकवेळ गुपचूप उरकेल, हळद नाही. डीजेची भिंतच उभी राहते. मामांनी ती भिंत, मांडव आणि सगळे गाव टेम्पोत घालून नेऱ्याला साडूच्या शेतावर नेले.

"मामा, हळद पोरीची की बदकांची?" मी विचारले.

"पोरीचीच, जावई. पन तिलाच इचारा, थवा उडालेला बगून ती दोन दिस जेवंल का."

नवरी सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसली होती.

पुढे रस्त्याच्या भरावाखाली उघाडी बुजली. पाणी आटले, चिखलाला भेगा पडल्या. मामांनी अर्ज केले. उत्तरे आली, पाणी आले नाही. मग एका रविवारी सकाळी, मी तिथे असतानाच, ते देवळापाशी उभे राहून ओरडले, "खांड पडली!" भरतीने बांध फुटला की ही हाळी द्यायची आणि घरटी एका माणसाने धावायचे, हा गावाचा जुना कायदा. भात सुटून इतकी वर्षे झाली, पण पाय विसरले नव्हते. म्हातारे घमेली घेऊन आले, पोरे मोटारसायकलवर आली, मामांचा एक बिल्डर पुतण्या तर पांढऱ्या बुटांत फावडे घेऊन आला. बांध ठणठणीत होता.

"खांड कुटं हाय?" मामांच्या थोरल्या वहिनींनी विचारले.

"पडली नाय, वयनी. आपल्याला पाडायची हाय. उघाडीच्या बाजूला."

"सासऱ्यांचा जल्म गेला खांडी बुजवन्यात, नि तू त्यांच्याच बांधाला हात लावनार?"

मामा चिखलाकडे वळले. ते त्या भेगांकडे बघू लागले. वहिनीही बघू लागल्या. तिथेच त्यांनी कैक वर्षे लावणी केली होती. मग त्यांनी पुतण्याच्या हातातले फावडे काढून घेतले.

"सरक. तुजे बूट खराब व्हतील."

दुपारच्या भरतीला पाणी आत शिरले. वहिनी लुगडे खोचून आपल्या खाचरात घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि कुणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या, "हितं माजं भात व्हतं." घरी जायची घाई कुणालाच नव्हती. पहिले पक्षी केव्हा उतरले ते मामांना कळलेसुद्धा नाही; ते बांधावर जमलेल्या गावाकडे बघत होते.

पाणी अजून येते. पक्षीही येतात. माणसे मात्र त्या बांधावर इतकी एकत्र मला पुन्हा दिसली नाहीत.